केसांच्या गोळ्या

जुळे सोलापूर,
१५ एप्रिल २०२१

श्रीमती वैजयंतीबाई यांना विहीण मालतीचा नमस्कार.

तुमच्या कानाला फोन मानवत नाही, आणि मी ओरडून बोलले की आमची अख्खी कॉलनी ऐकते, म्हणून हे पत्र. आमच्या शेजारी औषधांची एजन्सी आहे. तिथला टेम्पोवाला शिवलिंगप्पा रोज मंगळवेढ्याला येतो, त्याच्या हाती दिलंय. तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत, पण माझं अक्षर तपासू नका.

घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगते. तुमच्या ओवीला कोरोना झालाय. पाडव्याला ताप आला, हृषीकेशनं ओळखीच्या माणसाकडून गुपचूप तपासून घेतलं. गुपचूप अशासाठी की पालिकेचा कागद दारावर लागला तर आमच्या तेजश्रीचा साखरपुडा बोंबलला. दोन मेची तारीख ठरलीय आणि मुलाकडचे पुण्याचे आहेत, त्यांना निमित्तच हवं असतं. तुम्हीही कुणाजवळ बोलू नका.

सूनबाई वरच्या खोलीत आहेत. डॉक्टर फोनवरच बघतात. तिला दम लागतो म्हणून त्यांनी स्टिरॉइडच्या बारक्या गोळ्या दिल्यात. शुगर आहे का, बीपी आहे का, असं विचारत होते. मला हसूच आलं. म्हटलं, डॉक्टर, सव्वीस वर्षांच्या पोरीला कसली शुगर? ओवी जिन्यात उभी राहून ऐकत होती, पण तोंड उघडलं नाही. तुमची मुलगी म्हणजे अगदीच मुखदुर्बळ बाई.

खाण्यापिण्याचे लाड मी करतेच आहे. सकाळी तुपातला शिरा, संध्याकाळी खजूर घालून दूध. तुम्ही दर महिन्याला तिच्या केसांच्या गोळ्यांची बाटली पाठवता ना, ती मात्र मी काढून घेतली. औषधात औषध नको. केस गळले तर पुन्हा येतील.

मालती होटगीकर


मंगळवेढा,
१७ एप्रिल २०२१

सौ. मालतीबाई यांना सादर नमस्कार.

पत्र पोचलं. तुम्ही मुलीसारखं करताय, मी काय बोलणार? पण एक सांगू का, ओवीला लहानपणापासून गोड चालत नाही. म्हणजे आवडत नाही. शिऱ्याऐवजी भाकरी आणि मेथीची भाजी दिलीत तर ती आनंदानं खाईल. ज्वारीचं पीठ पाठवलंय, मालदांडीचं आहे.

आणि त्या केसांच्या गोळ्या कृपा करून बंद करू नका. केसांवरून ती फार हळवी आहे, मनाला लावून घेते. नवी बाटली शिवलिंगप्पाबरोबर देतेय. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक.

जमलं तर तिचं रक्तही तपासून घ्या. हल्ली सगळंच तपासतात म्हणे.

वैजयंती मारापूरकर


जुळे सोलापूर,
२४ एप्रिल २०२१

वैजयंतीबाई, नमस्कार.

सासू सुनेला उपाशी ठेवते म्हणून भांडणाऱ्या विहिणी मी पाहिल्यात. शिरा देते म्हणून पत्र धाडणारी तुम्ही पहिलीच. आमच्या घरात साखर महाग झालेली नाही हो. तुमचं पत्र वाचून मी मुद्दाम बेसनाचे लाडू केले. आवडत नाही म्हणे! दोन-दोन खाते मुकाट्यानं.

शिवलिंगप्पा बाटली देताना म्हणाला, "अक्का, बाई लई घाबऱ्या झाल्यात की ओ. बाटली पोरीच्याच हातात द्या म्हनून चारदा सांगितलं." म्हणजे माझ्या हातात भरवसा नाही. ठीक आहे. बाटली कपाटावर ठेवली आहे, बरी झाली की घेईल.

ताप उतरलाय. आता डोळे आलेत. उजवा लाल झालाय, सारखं पाणी गळतं. डॉक्टर म्हणाले, कोरोनात कधी कधी डोळेही येतात, आपोआप जातात. सूज वाढली किंवा दिसायला त्रास झाला तर मात्र लगेच दाखवा. मी गुलाबपाणी घालतेय.

मालती


मंगळवेढा,
२७ एप्रिल २०२१

मालतीबाई,

काल ओवीचा फोन आला. मला जेवढं ऐकू आलं तेवढं लिहिते. उजवा गाल बधिर झालाय. वरचे दात दुखतात. नाकातून काळपट काहीतरी येतं. एका माणसाची दोन माणसं दिसतात. तिनं तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही अशक्तपणा आहे म्हणालात आणि दूध दिलंत.

हे डोळे येणं नाही. हात जोडते, तिला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या. रक्तात जे निघायचं ते निघू दे. मी निघतेय, काहीतरी करून पोचते.

वैजयंती


जुळे सोलापूर,
२९ एप्रिल २०२१

वैजयंतीबाई,

तुम्ही येऊ नका. रविवारी साखरपुडा आहे. पाहुण्यांना आम्ही सांगितलंय की सून माहेरी गेली आहे. तुम्हीच दारात उभ्या राहिलात तर मी कुणाला तोंड दाखवू?

तुमचा जीव तुटतो, मला कळतं. मीही मुलीची आई आहे, म्हणूनच तुम्हीही माझं समजून घ्या. आज तिला दवाखान्यात नेलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळेल. पापणी मिटलीय खरी, पण दुखणं कालच्यापेक्षा कमी आहे असं तीच म्हणाली. मी तिला सांगितलं, रविवारपर्यंत कळ काढ, सोमवारी नेते. ती हो म्हणाली.

मालती


जुळे सोलापूर,
१४ मे २०२१

वैजयंतीबाई,

ओवीचा उजवा डोळा परवा काढला.

काळी बुरशी. म्युकर म्हणतात. नाकात धरते, तिथून डोळ्यामागे चढते, मग मेंदूत. डॉक्टर म्हणाले, डोळा ठेवला असता तर मुलगी राहिली नसती. त्यांनी मला फोटो दाखवले. ते मी तुम्हाला सांगत बसत नाही.

आता तुम्हाला जे माहीत आहे ते सांगते. भरती करताना तिची साखर चारशेच्या वर निघाली. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. मग मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, कोरोना झाला, साखर वाढलेली, त्यात स्टिरॉइड, म्हणजे बुरशीला मोकळं रान. हिला जुना डायबेटिस आहे, तुम्ही सांगितलं का नाही? सगळ्या वॉर्डासमोर विचारलं मला. मी ओवीकडे बघितलं. ती म्हणाली, "तीन वर्षं झाली. लग्नात आई म्हणाली, सासरी कुणाला कळू द्यायचं नाही."

केसांच्या गोळ्या! साखरेच्या गोळ्या केसांच्या बाटलीत भरून पाठवत होतात तुम्ही. त्या मी माझ्या हातानं कपाटावर टाकल्या. मी तिला शिरा भरवला. तुम्ही तिकडे बसून माझा शिरा वाचत होतात, लाडू वाचत होतात, आणि मला मेथीची भाजी सुचवत होतात. एक ओळ लिहायची होती वैजयंतीबाई. तुमच्या सुंदर अक्षरात एक ओळ.

माझ्या हातून हे करवून घेतलंत. तुम्हाला मी माफ करणार नाही.

मालती


मंगळवेढा,
१८ मे २०२१

मालतीबाई,

ती ओळ लिहिली असती तर तुम्ही काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी माझी मुलगी सामानासकट माझ्या दारात उभी असती. तिची तीन स्थळं साखरेवरून मोडली. तिसऱ्या वेळी मुलाची आई चहा अर्धा ठेवून उठली. चौथ्या वेळी तुम्ही आलात आणि मी गप्प बसले. जगात कोणती आई बोलली असती? तुमच्या तेजश्रीच्या सासरी तुम्ही घरातला कोरोना सांगितलात का?

आणि माझ्या खोट्यानं साखर वाढली असेल, पण पापणी मिटलेली तुम्ही डोळ्यांनी बघत होतात. सोमवारी नेते म्हणालात. ओवी म्हणते, नेलं बुधवारी, पाहुण्यांची भांडीकुंडी आवरून झाल्यावर. डॉक्टरांनी ते दिवस कुणाच्या नावावर लिहिले, विचारलंत का?

मला तुमची माफी नको आहे. तिला घरात ठेवून घ्या. लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नाही. तेवढंच मागते.

वैजयंती


जुळे सोलापूर,
२० जून २०२१

वैजयंतीबाई,

ओवीला गाडीनं पाठवतेय. रागानं नाही पाठवत, खरं तेच सांगते. हृषीकेशला तिच्याकडे बघवत नाही. एकदा पट्टी बदलायला बसला आणि मोरीत जाऊन ओकला. ती आतून ऐकत होती. त्यानंतर ती जेवायलासुद्धा भिंतीकडे तोंड करून बसते. असं किती दिवस चालणार?

लग्न रजिस्टर करायचं राहिलंच होतं, ऑफिसं बंद होती. एका अर्थी बरंच झालं. कोर्टकचेरी नको, चार माणसांत बसून कागद करू. आम्ही फसवणुकीचा शब्द काढत नाही, तुम्ही साखरपुड्याचा काढू नका.

सोबत इन्सुलिन आहे, बुरशीच्या गोळ्या आहेत. गोळ्या मधे सोडायच्या नाहीत. दर महिन्याला दाखवायला आणायचं. साखर चढली तर बुरशी पुन्हा उठू शकते, दुसरा डोळाही जाऊ शकतो, असं डॉक्टर चारदा बजावून म्हणाले. आता ते तुम्ही बघायचं.

तुमचं ज्वारीचं पीठ उरलं होतं, तेही पाठवतेय.

मालती


मंगळवेढा,
३० ऑगस्ट २०२१

सौ. मालतीबाई यांना नमस्कार.

कागद झाल्यावर तुम्हाला पुन्हा लिहीन असं वाटलं नव्हतं. पण काम पडलंय.

सांगोल्याकडचं एक स्थळ आलंय. पृथ्वीराज नाव. डाळिंबाची बाग आहे, पहिली बायको एप्रिलच्या लाटेत गेली, दोन वर्षांची मुलगी आहे. त्यांना एका डोळ्याचं काही नाही. लेकराला आई पाहिजे, एवढंच म्हणाले. पण घरात एक मरण पाहिलेली माणसं, आजाराचं नाव काढलं की दचकतात. त्यांना मी सांगितलंय की ओवी स्कूटरवरून पडली, डोळ्याला मार बसला आणि त्यावरून सासरच्यांनी सोडली. साखरेचं अर्थातच बोलले नाही.

ते तुमच्याकडे चौकशीला येतील. तुम्ही एवढं सांभाळून घ्या. तेव्हा मी दारात न येता तुमचा रविवार सांभाळला, हे विसरू नका.

वैजयंती


जुळे सोलापूर,
४ सप्टेंबर २०२१

वैजयंतीबाई,

आली होती तुमची माणसं. स्कूटर मी अशी पाडली की विचारू नका. सात रस्ता चौकात, भर पावसात, मागून रिक्षा. मुलाचा मामा हळहळला. ह्यांनी आतून ऐकलं आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. गंगाधरराव होटगीकर फार सत्यवादी, पण साखरपुड्याच्या दिवशी पुढच्या रांगेत बसून पेढा खात होते.

तुमचं धाडस मात्र मानलं पाहिजे. एकदा हात पोळला, तरी पुन्हा तीच पळी, तीच कढई.

हॉस्पिटलमधून दोनदा फोन आला होता. ओवीला दोन महिने दाखवायला आणलं नाही म्हणून विचारत होते. ती आता इथं राहत नाही, असं सांगून मी ठेवून दिला. तुमचा नंबर देणार होते, पण तुम्हाला फोनवर ऐकू कुठं येतं?

मालती


मंगळवेढा,
१३ सप्टेंबर २०२१

सौ. मालतीबाई यांना नमस्कार.

तुम्ही छान सांभाळलंत, आभारी आहे. लग्न गुरुवारी, सोळा तारखेला. पितृपक्षाच्या आत उरकायचं म्हणून काढीव मुहूर्त घेतला. इथल्याच देवळात, मोजक्या माणसांत.

मुलाची आई पोळ्यापासून आमच्याकडेच येऊन राहिली आहे. मुलगी घरात कशी वावरते ते बघायचं म्हणे. बाई वाईट नाही, पण सगळीकडे नजर. डबे उघडून बघते. त्यामुळे इन्सुलिन शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवावं लागलं. एकदा-दोनदा ओवी गुपचूप जाऊन टोचून आली. मग बाईनं विचारलं, ही सारखी शेजारी काय जाते? तेव्हापासून बंद आहे. बुरशीच्या गोळ्या जुलैतच संपल्या होत्या. बरी दिसत होती, म्हणून मी पुन्हा आणल्या नाहीत. आज गौरीचं जेवण होतं. बाईनं स्वतःच्या हातानं ओवीला पुरणपोळी भरवली, वर दूध, वर तूप. सगळी खा म्हणाली, सुकलीस किती! ओवी माझ्याकडे बघत खात होती. मी मान हलवली.

परवापासून तिच्या डाव्या डोळ्याला लाली आहे. पाणी गळतं. धूर, धावपळ, जागरण. डोळे आले असतील. गुलाबपाणी घालतेय.

वैजयंती


जुळे सोलापूर,
१४ सप्टेंबर २०२१

वैजयंतीबाई,

गुलाबपाणी घालू नका. ते मीच घातलं होतं. ती लाली मी बघितली आहे, आणि नंतर काय होतं तेही बघितलंय. गाल बधिर आहे का, बोट लावून विचारा. दोन दोन दिसतं का, विचारा. पण विचारत बसू नका, आधी निघा.

शिवलिंगप्पाला टेम्पो रिकामा करून पाठवलाय. तिला घेतल्याशिवाय येऊ नको असं सांगितलंय. हॉस्पिटलमध्ये मी फोन केला, ते वाट बघतायत. मी स्वतः दारात उभी राहीन. त्या बाईला काय सांगायचं ते सांगा, सगळं खोटं माझ्या नावावर घाला. लग्न मोडलं तर मोडू दे. एकच उरलाय हो पोरीला.

माझ्या तेजश्रीचं लग्न जुलैत उरकलं, तिच्या सासरचं मला परवाच कळलं. तिला तिथं रोज टोमणे आहेत. ज्या माणसांसाठी मी ओवीची मिटलेली पापणी वरच्या खोलीत लपवून ठेवली, ती ही माणसं. अशा माणसांसाठी तुम्ही करू नका. मी पाया पडते तुमच्या.

मालती


मंगळवेढा,
१५ सप्टेंबर २०२१

मालतीबाई,

हे तुम्ही सांगावं याची गंमत वाटली. तुमच्या मुलीचा रविवार तुम्ही पार पाडलात. माझ्या मुलीचा गुरुवार मी सोडू? उद्या एकदा गळ्यात मंगळसूत्र पडलं की ती त्यांची झाली. मग डोळा जाऊ दे, साखर निघू दे, त्यांना सांभाळावंच लागेल. आज नेलं तर मी गेल्यावर हिला कोण आहे? तुम्ही?

शिवलिंगप्पाला परत पाठवतेय. जायला तयार नव्हता. "बाई, पोरीला बसवा की गाडीत, म्या जपून नेतो," म्हणत कालपासून अंगणात बसून राहिला. त्याला सांगितलं, शुक्रवारी पहाटे ये. ओवीलाही सांगितलंय, उद्यापर्यंत कळ काढ. ती हो म्हणाली. ती कुणालाच नाही म्हणत नाही.

मघाशी भर दुपारी ती हातावर मेंदी लावून आत बसली होती. म्हणाली, "आई, अंधार झाला, दिवा लाव की." नव्या विहीणबाई शेजारीच फुलं निवडत होत्या, त्यांनी मान वर केली. मी म्हटलं, लाईट गेलीय गं. आणि उठून पंखा बंद केला.

वैजयंती